सोमजाईच्या देवळाखालचं गाडगं

आंबेकोंडच्या सोमजाईला अकरा वर्षं शिमग्याचा नारळ मिळाला नव्हता. नारळांचा तुटवडा होता असं नाही. बत्तीस उंबऱ्यांच्या गावात दर शिमग्याला बत्तीस नारळ सोलून तयार असायचे. पण पहिला नारळ कुणी फोडायचा हे ठरत नव्हतं, आणि पहिला फुटल्याशिवाय दुसरा फोडायचा नाही असा रिवाज. त्यामुळे देवी उपाशी, पालखी आढ्याला टांगलेली आणि पालखीत चिमण्यांच्या कितव्या तरी पिढीचा संसार चाललेला.

गावात भावक्या दोन, थोरली आणि धाकटी. थोरलीचा कर्ता हैबती, धाकटीचा येसाजी. थोरली म्हणायची, आमचा मूळपुरुष तलवार घेऊन किल्ल्यावरून उतरला आणि त्याने हे देऊळ बांधलं. धाकटी म्हणायची, तो उतरला तेव्हा आमचा मूळपुरुष इथं नांगर धरून उभा होता आणि त्यानेच त्या तलवारवाल्याला भाकरी घातली. दोन्ही मूळपुरुषांना कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांविषयीही गावात भरपूर माहिती होती.

पन्नास सालापर्यंत नारळ थोरलीकडे होता. हैबतीचा बाप फोडायचा. त्या वर्षी बाप अंथरुणाला लागला आणि नारळ हैबतीच्या हाती आला. त्याने तो उचलला, तेवढ्यात येसाजीनेही त्याला हात घातला. ओढाताणीत नारळ निसटला, पायऱ्यांवरून उड्या मारत उताराला लागला आणि खाली ओढ्यात गेला तो गेलाच. बापाने हे ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच कुशीवर प्राण सोडला. जाताना एवढंच म्हणाला, "हैबती, माज्या हातचा नारळ तू घालवलास."

हैबती तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता, आता बासष्टचा झाला. मधल्या काळात त्याला नातवंडं झाली, पुढचे दात गेले, पण बापाचं ते वाक्य जागचं हललं नाही. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावासमोर त्याला तो नारळ फोडायचा होता. याखेरीज देवीकडे त्याचं काही मागणं नव्हतं.

दावा महाडच्या कोर्टात पडून होता. तारखेला हैबती आणि येसाजी दोघंही पहाटे गाव सोडत, दीड तास डोंगर उतरत, पोलादपूरला एकाच एसटीत चढत आणि गर्दीमुळे बहुतेकदा एकाच बाकावर बसत. अकरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. मात्र येसाजीला उशीर झाला की हैबती कंडक्टरच्या हातापाया पडून गाडी थांबवून धरायचा, कारण समोरचा हजर नसला की तारीख फुकट जाते. महाडला उतरलं की कोर्टाजवळच्या एका हाटेलात दोघं दोन वेगळ्या मेजांवर बसत, घटाघटा दोन-दोन पेले पाणी पीत, तिखटजाळ उसळ खात आणि मग पुढची तारीख घेऊन घरी येत. असं सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.

त्यात एकसष्ट साली मुंबईच्या गावकरी मंडळाने सिमेंट पाठवलं. गिरणीत राबणाऱ्या पोरांनी ठराव केला, की सोमजाईचं मातीचं देऊळ पाडून पक्कं बांधायचं. चाळीस पोती पोलादपूरपर्यंत ट्रकने आली आणि तिथून माणसांच्या डोक्यावरून डोंगर चढली. सोबत चिठ्ठी होती: 'पाऊस लागण्यापूर्वी वापरणे. ओल लागल्यास दगड होईल. दुसरे मिळणार नाही.'

चिठ्ठी वाचून गावात आनंद झाला, तो सभा भरेपर्यंत टिकला. पाया खणायचा म्हणजे आधी नारळ फोडायला हवा. तो कोण फोडणार? वैशाख निम्मा सरला, पोलादपूरचे दोन गवंडी येऊन ओटीवर पत्ते खेळत बसले, आणि गाव दोन बाजूंनी देवळाच्या पारावर बसून एकमेकांकडे बघत राहिलं.

अशा एका सभेत ओक मास्तरांनी तोंड उघडलं. हे गावच्या एकशिक्षकी शाळेचे शिक्षक, मूळचे महाडचे. त्यांना एकच व्यसन होतं, वर्तमानपत्राचं. ते तीन दिवस उशिरा यायचं आणि मास्तर ते जाहिरातींसकट वाचून काढायचे.

"इजिप्तमध्ये, म्हणजे आपण ज्याला मिसर म्हणतो तिथे," मास्तर म्हणाले, "नाईल नदीवर मोठं धरण होतंय. आपल्या कोयनेसारखंच. त्यात जुनी देवळं बुडणार म्हणून ती हलवायची आहेत. त्यावर लेख आलाय. तिथले राजे देऊळ बांधायच्या आधी कोपऱ्याकोपऱ्यात खड्डा करायचे आणि त्यात वस्तू पुरायचे. बोटभर छिन्नी, बोटभर कुदळ, विटांचा इवलासा साचा, भाकरी, मांस आणि राजाच्या नावाची पाटी. हजारो वर्षांनी खणलं तरी कळतं, देऊळ कुणी बांधलं ते."

मग कुणीतरी विचारलं, "पन मास्तर, त्या राजाकडं नारळ व्हता का?"

"तिकडे नारळ कुठला?"

"मग कसला राजा!" असं म्हणून गावाने मिसर देशाचा विषय मिटवला असता. पण हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडेही घराची मेढ रोवताना खाली धान्य आणि लोखंड ठेवतातच की. सोमजाईच्या देवळाखालीही गाडगं आहे असं त्याची आजी सांगायची. तो उभा राहिला.

"खना," तो म्हणाला. "ज्याचं हत्यार निघंल, त्याचं देऊळ. तलवार निघाली तर नारळ आमचा."

येसाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "नि नांगर निघाला तर आमचा. घ्या लिवून."

दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, मास्तरांकडे बघून बोलले होते, पण अकरा वर्षांत इतकं एकमत कधी झालं नव्हतं. मास्तरांनी जागच्या जागी कागद केला. 'देवळाखाली ज्याच्या कामाचे हत्यार निघेल, त्याच्या घरी पहिल्या नारळाचा मान पिढ्यान्‌पिढ्या राहील. यात कोणीही पुढेमागे बदल करणार नाही.' हैबतीने वळणदार सही केली, येसाजीने अंगठा उठवला. खणायचा दिवस पुढल्या सोमवारचा ठरला. त्या मधल्या आठवड्यात आंबेकोंडात देवीची जेवढी पूजा झाली, तेवढी मागल्या अकरा वर्षांत झाली नसेल.

दोन दिवसांनी हैबती तारीख नसताना महाडला गेला. बाजारात रामा तांबटाचं दुकान होतं. डोंगरातल्या झाडून सगळ्या घरांतले हंडे, कळशा आणि तांबे त्याच्या हातचे. हैबतीने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, की त्याला तांब्याची एक तलवार हवी आहे, बोटाएवढी.

रामाने कशाला म्हणून विचारलं नाही. तो धंद्याला पक्का होता. "किती जुनी पाहिजे?" एवढंच त्याने विचारलं.

"म्हंजे?"

"म्हणजे दोनशे वर्षांची पाहिजे असेल तर परवा देतो. चारशेची पाहिजे तर तीन दिवस लागतील. मीठ आणि आंबट ताक लावून शेणात पुरून ठेवावी लागते, हिरवी चढायला."

हैबतीने दोनशे वर्षांचा हिशोब केला आणि तो त्याला मूळपुरुषाच्या मानाने कमी वाटला. "चारशेची कर," तो म्हणाला. निघताना त्याला फळीवर एक बोटभर नांगर वाळत ठेवलेला दिसला, शेणाने माखलेला. "ह्ये काय रे?" त्याने विचारलं. "गिऱ्हाइकाचं आहे," रामा म्हणाला. हैबतीला वाटलं, महाडची माणसं पैसेवाली, पोरांना खेळायला तांब्याचे नांगर देतात.

शनिवारी देवीच्या पूजेची पाळी थोरलीची होती, रविवारी धाकटीची. शनिवारी दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना हैबतीने गाभाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात कोपरभर खड्डा केला, तलवार ठेवली, माती लोटली आणि वर सारवून टाकलं. देवीच्या डोळ्यांकडे बघायचं त्याने टाळलं. 'आई,' तो मनात म्हणाला, 'मी खोटं नाय पुरत. खरी तलवार असंलच खाली कुठं तरी. ही नुसती खूण.' या बोलण्यावर त्याचा स्वतःचा पुरता विश्वास बसला आणि तो हलक्या मनाने घरी येऊन झोपला.

सोमवारी सगळं गाव देवळापुढे जमलं. देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला तो अनघड पाषाण, आधीच बाहेर पाटावर आणून ठेवला होता. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये हातात वर्तमानपत्राचं कात्रण धरलेले ओक मास्तर. गवंडी बाहेरगावचे, म्हणून खणायचं काम त्यांचं.

उजव्या कोपऱ्यात चौथ्या घावाला तलवार निघाली. थोरलीने आरोळी ठोकली. हैबतीने डोळे मिटून हात जोडले, आणि त्याला खरोखरच भरून आलं.

"थांबा," येसाजी म्हणाला. "मास्तर काय म्हनालं? कोपऱ्याकोपऱ्यात. डावा कोपरा ऱ्हायला."

डाव्या कोपऱ्यात तिसऱ्या घावाला नांगर निघाला. आता धाकटीने आरोळी ठोकली. हैबतीने तो हिरवागार नांगर बघितला आणि रामाच्या दुकानातली फळी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. महाडच्या पैसेवाल्या पोरांबद्दल त्याचं मत क्षणात बदललं.

मास्तरांनी दोन्ही वस्तू तळहातावर घेतल्या. दोन्ही सारख्याच हिरव्या, सारख्याच लांबीच्या. "विलक्षण!" ते म्हणाले. "दोघे मूळपुरुष एकाच काळातले दिसतात. आणि हे बघा, दोन्हीवर कारागिराची मुद्राही आहे. पाच पाकळ्यांचं फूल."

हैबतीची बायको रंगूबाई पुढे सरली. तिने वाकून बघितलं आणि बायकांकडे वळून म्हणाली, "अगो, ह्ये तर आपल्या कळशीवरलं फूल!"

बायकांमध्ये आधी खुसखुस झाली, मग एकजण हसली, आणि मग देवळापुढे असं हसू उसळलं की पालखीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. रामा तांबटाने चारशे वर्षांचं काम चोख केलं होतं. फक्त घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर शेवटी आपला ठसा मारायची हाताची सवय तेवढी त्याला मोडता आली नव्हती. हैबती आणि येसाजी दोघंही एकाच वेळी आपापल्या पायांकडे बघू लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं हैबतीला वाटलं. पण धरणी उकरलेली होती आणि तिच्यात आता जागाच उरली नव्हती.

"खनलं तेवढं बास करा," येसाजी पुटपुटला.

पण गवंडी कामाला लागले होते. हसणं ओसरतंय तोच उंबऱ्याखाली, बरोबर मधोमध, पहार कशावर तरी खणकन आदळली. चिरा उचलला. खाली मातीचं गाडगं होतं, तोंडाला लाखेने बसवलेली दगडी चकती. मास्तरांनी ती हलकेच काढली. आत काळी पडलेली मूठभर नाचणी होती, आणि नाचणीत खोचलेली बोटभर लोखंडी काठी. गंजून गेलेली. तिच्या टोकाला दोन इवलीशी पितळी घुंगरं होती. मास्तरांनी काठी उचलली, तेव्हा त्यांतलं एक अगदी बारीक वाजलं.

हसू जिथल्या तिथे थांबलं. प्रत्येक जाणत्या माणसाने तो आवाज ओळखला. वेसकराची घुंगुरकाठी. गावच्या वेशीवर पहारा देणाऱ्या, सरकारी सांगावा पोचवणाऱ्या, मेलेली जनावरं ओढणाऱ्या आणि शिमग्याला देवळाच्या खालच्या पायरीपाशी उभं राहून भाकरतुकडा घेणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची काठी. वेसकराचं घर ओढ्यापलीकडच्या वाडीत होतं. पाच वर्षांपूर्वी त्या वाडीने बौद्ध धम्म घेतला, काठी सोडली, मेलेली जनावरं ओढणं सोडलं आणि देवळाकडे पाठ फिरवली. ती आता बौद्धवाडी होती, पण गावाच्या तोंडून तिचं जुनं नाव सुटत नव्हतं.

"म्हणजे," मास्तर हळूच म्हणाले, "देऊळ वेसकरांनी बांधलं. तुमच्या कागदाप्रमाणे..."

"कागद ठेवा तिकडं," हैबती आणि येसाजी एका सुरात म्हणाले, आणि दचकून त्यांनी एकमेकांकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर भिडली. मग ते बाजूला गेले, डोक्याला डोकं लावून बोलले आणि परत येऊन हैबतीने सांगितलं, की गाडगं होतं तिथं ठेवायचं, वर सिमेंट ओतायचं, आणि कुणी काही बघितलेलं नाही.

"आमी बघितलं," गवंडी म्हणाला. "संध्याकाळी पोलादपूरला सांगनार पन हाय."

मग देवीला कौल लावायचं ठरलं. तांदळ्याच्या दोन अंगांना दोन फुलं पाण्याने चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर देवी हो म्हणते, डावं पडलं तर नाही. हैबती हात जोडून म्हणाला, "आई, गाडगं हाय तिथं ठेवतो, तुज्यावर पक्कं देऊळ बांधतो. उजवी दे." डावं फूल पडलं. येसाजी म्हणाला, "आई, ती काठी कुनाची तरी चुकून पडली असंल, देऊळ आमचंच, व्हय ना?" डावं पडलं. हैबतीने पुन्हा फुलं लावली. "बरं आई, निदान ह्या साली तरी..."

डावं फूल त्याचं वाक्य संपायच्या आत पडलं. मागून रंगूबाई ओरडली, "देवीला काय कोर्टातला मुनसफ समजलाव? तिच्याकडं पन तारखा मागताव?"

तेव्हा भर दुपारी, कागद आणि गाडगं घेऊन, हैबती आणि येसाजी ओढा ओलांडून निघाले. ऊन असं की दगड तापून पायताणातून चटके बसत होते. नारळ गेला, हे हैबतीला कळलं होतं. बाप आता कायमचा भिंतीकडे तोंड करून राहणार. मग त्याच्या मनात आलं, की नारळ गेला खरा, पण येसाजीला तरी कुठे मिळाला? आणि त्याला जरा बरं वाटलं.

वेसकराच्या घरात आता भागुराम आणि त्याची आई बयाबाई राहत. भागुराम कोयनेच्या धरणावर सुरुंगाच्या कामाला होता. पावसाआधी घर शाकारायला रजेवर आला होता. दोघे मानकरी अंगणात आलेले बघून तो शिडीवरून उतरला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. हैबतीने घसा खाकरला आणि झालेलं सगळं सांगितलं, तलवारीचं आणि नांगराचं सोडून. ते भागुरामने वाडीतल्या पोरांकडून आधीच ऐकलं होतं. त्याने कागद हातात घेतला आणि सावकाश पुरता वाचला.

बयाबाईने गाडग्यातली काठी उचलली आणि हलवून बघितली. "म्हाताऱ्याच्या खांद्याला घट्टा पडला व्हता असल्या काठीचा," ती म्हणाली. तिचा नवरा पांडू चाळीस वर्षं अशीच, पण पुरुषभर उंचीची काठी घेऊन फिरला होता. "थंडीवाऱ्यात ह्या घुंगरांनी त्याला कदी झोप घेऊ दिली नाय. तुमच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर एकदा चुकून त्याचा पाय पडला, तर तुमच्या आज्यानं," ती हैबतीकडे बघून म्हणाली, "त्याच काठीनं त्याला मारला." हैबतीला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं असं त्याने स्वतःला सांगितलं.

"तर आता," येसाजी घाईने म्हणाला, "पहिला नारळ तुमी फोडायचा. कागद हाय."

भागुराम हसला. "आमी देव सोडलं, काका. नारळ कुनाम्होरं फोडू? कोयनेला मी रोज अख्खा डोंगुर फोडतो, तेवढं बास हाय." त्याने कागदाची घडी केली. "पन हक्क आमचा लागतोय म्हंता, तर सोडल्याचं मी लिवून देतो. तुमच्या दोगांतल्या एकाच्या नावावर."

गेलेला नारळ ओढ्यातून वर येऊन समोर उभा राहिल्यासारखं त्याला वाटलं. "कुनाच्या?" त्याने विचारलं.

"आय सांगंल त्याच्या."

बयाबाई आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. गार पाणी होतं, तांब्याच्या अंगाला घाम फुटला होता. बुडाशी पाच पाकळ्यांचं फूल होतं.

"उनातून आलाव," ती म्हणाली. "पानी घ्या. जो आदी पील, त्याच्या नावावर लिव रे भागुराम."

"आत्ताच पिऊन निघालो," येसाजी म्हणाला. "तहान नाय," हैबती म्हणाला, आणि बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटली.

"महाडला कोर्टाजवळच्या हाटेलात पिता ना?" भागुरामने विचारलं. "तिथं पानी कोन भरतो, म्हाईत हाय? माजा मावसभाव. अकरा वर्सं बघतोय तो तुमाला. म्हनतो, तुमच्या गावचे दोन म्हातारे लई तहानेलं असतात."

हैबतीने तांब्याकडे बघितलं. चार बोटांवर होता. त्या चार बोटांपलीकडे शिमग्याचा सगळा मान होता, ढोल होते, पालखी होती, बाप कूस बदलून त्याच्याकडे तोंड करणार होता. अकरा वर्षं कोर्टाने दिलं नाही ते ही म्हातारी एका घोटात देत होती. आणि पाणी तर तो पीतच आला होता, अकरा वर्षं, पेल्यावर पेले. त्याचा हात खरोखर उचलला गेला. तेवढ्यात त्याला दिसलं, की येसाजी त्याच्या हाताकडे बघतोय. आणि येसाजीचा हातही वीतभर उचलला गेलेला आहे.

दोन्ही हात तिथेच थांबले. मग हैबतीने आपला हात नेऊन मिशीवरून फिरवला. येसाजीने कान खाजवला.

बयाबाईने बराच वेळ तांब्या धरला. तिचा हात दुखला असेल. शेवटी ती शेवग्याच्या झाडापाशी गेली आणि पाणी त्याच्या बुडात ओतलं. राग दिसला नाही तिच्या तोंडावर. हैबतीला वाटलं, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"गाडगं घेऊन जा," ती म्हणाली. "व्हतं तिथं ठेवा. तुमचं देऊळ आमच्यावर उबं हाय येवढं कळलं, तेवढं आमाला पुरं."

गाडगं पुन्हा उंबऱ्याखाली गेलं. पण नारळ कुणी फोडायचा ते ठरलं नाही, म्हणून पाया काही भरला गेला नाही. ज्येष्ठात पाऊस उतरला आणि उकरलेल्या देवळावर गवताचे झाप टाकावे लागले. चाळीस पोती सिमेंटचे चाळीस दगड झाले, पोत्याच्या आकाराचे, अंगावर तागाचं विणकाम उमटलेले. गावाने ते पाराभोवती मांडले. सभेला बसायला छान सोय झाली. मुंबईच्या मंडळाने एक कडक पत्र पाठवलं. ते ओक मास्तरांनी सभेत वाचून दाखवलं आणि सर्वांनी त्या दगडांवर बसून ऐकलं.

श्रावणात तारीख लागली. महाडला धो धो पाऊस होता, कोर्टाजवळचं हाटेल गच्च भरलं होतं आणि एकच मेज रिकामं होतं. हैबती एका बाजूला बसला, येसाजी समोर. भागुरामचा मावसभाव आला, त्याने दोघांना ओळखलं, न विचारता दोन पेले भरून ठेवले आणि गेला. मग उसळ आली, वर लाल तर्री तरंगणारी.

दोघांनी पेल्यांकडे बघितलं. हात पुढे केला तर समोरचा म्हणेल, इथं चालतंय मग अंगणात काय झालं होतं? आणि समोरच्याने केला तर आपण हेच म्हणायचं, असं हैबतीने ठरवून ठेवलं.

येसाजीने दोन घास खाल्ले. मग तो पेल्याकडे बघत म्हणाला, "हैबती." अकरा वर्षांनी त्याने ते नाव घेतलं होतं. "त्या दिवशी तू नसतास ना तिथं, तर मी प्यालो असतो."

हैबतीचा घास तोंडात तसाच राहिला. त्याला बाप आठवला, भिंतीकडे तोंड केलेला. तांब्याचा घाम आठवला.

"मी पन," तो म्हणाला.

उसळ नेहमीसारखीच तिखट होती. खाताखाता दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, नाकं लाल झाली, ठसके लागले. भरलेले दोन पेले मेजावर तसेच ठेवून दोघं कोर्टात गेले आणि पुढची तारीख घेऊन आले.